मदत हवी आहे : दयाळाचं गाणं कुणी रेकॉर्ड केलंय का?

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबावर दयाळ पक्ष्याचा नर मार्चपासून गातोय, तेही उजाडायच्या कितीतरी आधी. शेपटी ताठ उभी, एक लांब शिट्टी, मग जरा थांबून कानोसा. हद्द सांगायची आणि मादीला बोलवायचं, ही कारणं माहीत आहेत. मला कोडं पडलंय ते वेळेचं आणि पट्टीचं.

नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये २००३ साली असं आढळलं, की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, कारण खालचे सूर गाड्यांच्या घरघरीत बुडतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉबिन पक्ष्याच्या रात्रीच्या गाण्याचा संबंध २००७ च्या अभ्यासात दिव्यांपेक्षा दिवसाच्या गोंगाटाशी जास्त जुळला. मग आपला दयाळ? आमच्याकडे तर दिवाही आहे आणि हमरस्ताही.

शहरातली आणि खेड्यातली, दोन्हीकडची रेकॉर्डिंग हवीत. शक्यतो वेव्ह (WAV) फाइल, म्हणजे आवाज न दाबता साठवलेली, सोबत ठिकाण आणि वेळ. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाची पट्टी वेळेनुसार दाखवणारं चित्र, वाचायला कुणी शिकवेल का? पट्टी नुसत्या कानाने मोजणं मला पटत नाही.

एक कळकळीची विनंती : त्याला गातं करायला मोबाइलवर दयाळाचं गाणं वाजवू नका. विणीच्या दिवसांत तो परका नर आलाय समजून पिल्लांना सोडून भांडायला धावतो.