मदत हवी आहे : नवी डायमंड प्लेट किती घासल्यावर बसते?

नमस्कार मंडळी. वडिलांच्या पटाशांसाठी धार लावायच्या डायमंड प्लेट (हिऱ्याचे बारीक कण जडवलेल्या धातूच्या पट्ट्या) घेतल्या, ४०० आणि १००० ग्रिटच्या (आकडा मोठा तितके कण बारीक). आजवर कुरुंदाच्या दगडावरच धार लावत आलो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून अगदी हलक्या हाताने घासतोय, तरी १००० च्या प्लेटवरही पात्यावर इतके खोल ओरखडे उठतात की नख अडकतं. नव्या प्लेटवर उंच राहिलेले हिऱ्याचे कण आधी तुटून-गळून जातात, मग ती ‘बसते’, म्हणजे गुळगुळीत चालते, हे कळतं. पण त्यासाठी वडिलांची पटाशी झिजवायला मन धजत नाही. भंगारातलं जाड पातं घासून प्लेट बसवली तर चालेल का? साधारण किती वेळ? पटाशीची पाठ तोवर दगडावरच सपाट करू का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.