शब्दचर्चा : ‘नांगर’ कशाकशाला म्हणायचं?

अनुवादी

मासेमारीच्या बोटीवर बसवायच्या एका जीपीएस उपकरणाची माहितीपुस्तिका मराठीत आणतो आहे. मूळ मजकुरात तीन वेगवेगळ्या गोष्टींच्या नावात ‘अँकर’ आहे. पहिला म्हणजे खराखुरा लोखंडी नांगर. दुसरा ‘अँकर अलार्म’, म्हणजे नांगर टाकून बोट उभी असताना ती ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा भोंगा. तिसरा ‘व्हर्च्युअल अँकर’. छोट्या होडीवर विजेची मोटर असेल तर बटण दाबायचं, मग उपकरण जीपीएस बघून मोटर हवी तशी फिरवतं आणि होडी आहे त्याच जागी धरून ठेवतं.

तिसऱ्याला मी ‘आभासी नांगर’ लिहिलं. कच्चा मजकूर वाचणाऱ्या एकाने लगेच विचारलं, “हा नांगर आहे ना, मग जुना लोखंडी बोटीवर का ठेवायचा?” पुढच्याच पानावर तर ‘पारंपरिक नांगर बोटीवर असलाच पाहिजे’ अशी ठळक सूचना आहे.

तर ‘नांगर’ हा शब्द तिन्हींना चालेल का? आणि दुसरं, नांगर हे मुळात शेतीचं अवजार. ते समुद्रात कसं गेलं? गोंधळ टाळायला सरळ ‘लंगर’ लिहू का?

कोशकीटक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, तो माझ्या आवडीचा.

शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’वरून आला. सुरुवातीच्या ल चा ण होऊन प्राकृतात ‘णंगल’ झालं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात लांगल, लांगूल वगैरे शब्दांसाठी हा नियम दिलेला आहे. पुढे शेवटच्या ल चा र झाला आणि आपला ‘नांगर’ तयार झाला.

समुद्रातल्या नांगराबद्दल नेहमी सांगितलं जातं की तो तळाची माती उकरतो, म्हणून त्याला शेतातल्या नांगराचं नाव मिळालं. ऐकायला छान आहे, पण शेजारच्या भाषा पाहिल्या की शंका येते. फारसीत बोटीच्या नांगराला ‘लंगर’ म्हणतात, हिंदीने तो जसाच्या तसा घेतला. बंगालीत शेतातला तो ‘लांगल’ आणि बोटीवरचा ‘नोंगर’, असे दोन वेगळे शब्द आहेत. तमिळमध्ये आणि मल्याळममध्ये बोटीच्या नांगराला ‘नंकूरम्’च्या जवळचा शब्द आहे, शेतीच्या अवजाराशी त्याचा संबंध नाही. म्हणजे दर्यावर्दी लोकांबरोबर फिरणारा ‘लंगर’ अनेक बंदरांत ‘न’ने सुरू होऊ लागला होता. मराठीत त्याच उच्चाराचा शब्द शेतात आधीच होता, तेव्हा दोघे एकमेकांत मिसळले असावेत, असं माझं मत. तांडेल, नाखवा, सुकाणू, खलाशी ही मंडळी पाहिली तर आपल्या बोटीवरचा बराच शब्दसंग्रह बाहेरून आलेला आहे, त्यात नांगराचं वेगळं काही नाही. मुळात फारसी लंगर आणि संस्कृत लांगल यांचं काही नातं आहे का, हा वाद निराळा. त्यात इथे शिरत नाही.

‘लंगर’ मात्र लिहू नका. मराठी वाचकाला त्यावरून आधी पंगत आठवेल.

पाणकावळा

कोशकीटकांच्या शंकेला बोटीवरून दुजोरा देतो. तळ उकरणारा नांगर हा बिघडलेला नांगर! तो एकदा रुतून बसला की हलता कामा नये. चर पाडत चालला तर बोट वाहवते आहे, झोपलेल्यांना उठवा. शेतातला नांगर न चालला तर वाया, आणि आमचा चालला तर वाया.

गंमत अशी की शेतातल्या नांगराच्या आकाराचाच एक बोटीचा नांगर आहे, ‘सीक्यूआर’ नावाचा. जी. आय. टेलर या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने तो १९३३ मध्ये काढला. इंग्रजीत त्याला ‘प्लाऊ अँकर’ म्हणतात. त्याचं मराठी करायचं झालं तर ‘नांगरी नांगर’ करावं लागेल, तेव्हा अनुवादी, तुमच्या पुस्तिकेत तो नसेल अशी आशा करतो.

आता मूळ प्रश्न. बोलताना आम्ही काय म्हणतो ते बघा. नांगर टाकला, नांगर धरला, नांगर धरत नाही, नांगर सरकला, नांगर अडकला, नांगर उचलला. या सगळ्यात तळाशी काहीतरी घडतंय. ‘धरला’ हा शब्द तर फार महत्त्वाचा. टाकणं आपल्या हातात, धरणं तळाच्या. चिखलात एक नांगर धरतो, खडकात दुसरा. चार नखांचा छोटा नांगर खडकाच्या फटीत पटकन अडकतो, पण मऊ गाळात नुसता ओढत येतो. तुमच्या त्या मोटरीला यातलं एकही क्रियापद लावून बघा. ‘मोटर धरली’? ‘जीपीएस सरकलं’? नाही जमत. क्रियापदं जुळत नसतील तर नामही जुळत नाही, एवढं व्याकरण मलाही कळतं.

चालतंय की

मला हा आग्रह जरा जास्त वाटतो. शब्दांचे अर्थ पसरतातच. खिडकी, पाटी, फळा, सगळे पडद्यावर गेले आणि कुणी दचकलं नाही. बोट एका जागी ठेवणं हे नांगराचं काम. ते काम जे करेल त्याला लोक नांगरच म्हणणार, तुम्ही पुस्तिकेत काहीही छापा. मोठ्या जहाजांवर हे जुनंच आहे. १९६१ मध्ये ‘कस १’ या जहाजाने साडेतीन हजार मीटर खोल पाण्यात तळाला विंधन केलं, ते नांगर न टाकता, चार इंजिनांच्या जोरावर एका जागी थांबून. तंत्र साठ वर्षांपूर्वीचं, आणि आपण अजून लोखंडालाच चिकटून!

नियमवाला

‘चालतंय की’, उदाहरण चांगलं आहे, पण ते तुमच्या विरुद्ध जातं. त्या तंत्राला इंग्रजीतही कुणी अँकर म्हटलं नाही, ‘डायनॅमिक पोझिशनिंग’ असं वेगळं नाव दिलं. ‘व्हर्च्युअल अँकर’ हे पुढे विक्रेत्यांनी आणलेलं नाव.

आणि इथे फरक निव्वळ भाषेचा नाही. समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम घ्या. नियम ३ मध्ये जहाजाची एक अवस्था सांगितली आहे, ‘अंडरवे’. व्याख्या नकारार्थी आहे. जे जहाज नांगरलेलं नाही, किनाऱ्याला बांधलेलं नाही आणि रुतलेलं नाही, ते अंडरवे. इंजिन बंद करून नुसतं तरंगत असलं तरीही. म्हणजे मोटरीच्या जोरावर इंचभरही न हलता उभी असलेली तुमची होडी कायद्याच्या भाषेत नांगरलेली नाहीच.

याचे परिणाम दिव्यांवर होतात. नांगरलेल्या बोटीने रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा आणि दिवसा पुढच्या बाजूला काळा गोळा चढवायचा, हे नियम ३० मध्ये आहे. मासेमारी चालू असेल तर नियम २६ चे दिवे लावायचे, बोट नांगरलेली असो वा नसो. ट्रॉलिंग, म्हणजे पाण्यातून जाळं ओढत मासेमारी, चालू असेल तर पांढऱ्यावर हिरवा, इतर मासेमारीला पांढऱ्यावर लाल. आता पुस्तिकेत ‘आभासी नांगर टाका’ वाचून कुणी मोटर चालू ठेवून नांगराचा दिवा लावला, तर समोरून येणाऱ्याला तो चुकीची माहिती देतो आहे.

एक उपप्रश्न माझ्याकडून. ‘अंडरवे’ला मराठीत काय म्हणाल? ‘गतिमान’ आणि ‘मार्गस्थ’ दोन्ही वाचले आहेत, दोन्ही चूक, कारण बोट थांबलेली असू शकते.

कोशकीटक

‘सुटी’. बोट सुटी आहे. नांगरलेली, बांधलेली, रुतलेली या तिन्हींच्या विरुद्ध हा एकच शब्द बसतो, आणि गतीबद्दल तो काहीच म्हणत नाही. बहुतेकांना तो फार घरगुती वाटेल, म्हणून कुणी वापरणार नाही.

पाणकावळा

‘सुटी’ झकास. आम्ही ‘बोट सुटली’ म्हणतो तेव्हा अंगावर काटा येतो, तोच हा शब्द.

‘चालतंय की’ यांच्यासाठी थोडा हिशोब. समजा इंजिन बंद पडलं. पंख्यात जाळं किंवा दोर गुंडाळला गेला की हे होतंच. प्रवाह दोन नॉटचा, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. खडक ५०० मीटरवर. तुमच्याकडे आठ मिनिटं आहेत. या आठ मिनिटांत जीपीएस तुम्हाला खडक किती जवळ आला ते अगदी नीट सांगत राहील. विजेची मोटर बॅटरी असेतो प्रवाहाशी झुंजेल. लोखंडी नांगराला बॅटरी लागत नाही, आकाशातून संदेशही लागत नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांचं जीपीएस आपण किनाऱ्यापासून आत, एका विमानतळावर उभे आहोत असं दाखवत होतं. खोटे संदेश पाठवून असं करता येतं. अशा वेळी मोटर-नांगर होडीला कुठे ‘धरून’ ठेवणार?

जीपीएसचं मला वावडं नाही. नांगर सरकतोय हे अंधारात डोळ्यांनी कळत नाही, भोंग्याने कळतं. म्हणून दोन्ही हवेत. एक सांगतो, दुसरा धरतो. नावं मात्र वेगळी ठेवा.

अनुवादी

पटलं. तिसऱ्यासाठी ‘स्थानरोखण’ सुचतंय. कसं वाटतं? आणि अलार्मला ‘नांगर-भोंगा’ की ‘नांगर-इशारा’?

कोशकीटक

‘स्थानरोखण’ बनवल्यासारखं वाटतं. बटणावर ‘जागा धर’ लिहा, मजकुरात ‘जागा धरण्याची सोय’. पाणकावळा ‘धरणं’ तळाचं म्हणतील, पण इथे कर्म ‘जागा’ आहे, त्यामुळे गोंधळ होणार नाही.

‘नांगर-इशारा’मध्ये नांगर राहू द्या. तिथे तो खऱ्या नांगराबद्दलच बोलतो.

पाणकावळा

‘जागा धर’ चालेल, कुरकुर करत मान्य. पण इशाऱ्याच्या पानावरची वाक्यं इथे टाका. खरी गडबड तिथेच होते.

अनुवादी

“नांगर टाकून बोट स्थिर झाल्यावर ‘जागा नोंदवा’ हे बटण दाबा. त्यानंतर वर्तुळाची त्रिज्या निवडा.”

पाणकावळा

हेच ते. मूळ इंग्रजीतही असंच असेल तर तिथेही चूक आहे.

पाणी १० मीटर, त्यावर बोटीच्या टोकाची उंची दीड मीटर. दोर या दोन्हींच्या बेरजेच्या सातपट सोडला तर साधारण ८० मीटर, म्हणजे ४४ वाव. (ओहोटीला टाकला असेल आणि पाणी तीन मीटर चढलं तर तोच दोर साडेपाचपटच उरतो, हेही कुठेतरी लिहा. आणि पहिले काही मीटर साखळी हवी, तिच्या वजनाने नांगराचा दांडा आडवा राहतो. ओढ वरून लागली की नांगर उखडतो.) बोट मागे सरून स्थिर झाली म्हणजे ती नांगरापासून जवळपास ८० मीटरवर आहे. तिथे जागा नोंदवली आणि त्रिज्या ३० ठेवली, तर प्रवाह उलटल्यावर बोट नांगराच्या पलीकडे जाईल, नोंदवलेल्या जागेपासून १६० मीटर दूर. नांगर पक्का धरून बसलेला, आणि भोंगा बोंबलतोय. दोन रात्री असं झालं की लोक भोंगा कायमचा बंद करतात.

वर्तुळाचा मध्य नांगराच्या जागी हवा, बोटीच्या नव्हे. म्हणून नोंद नांगर तळाला लागेल त्या क्षणी करायची. त्रिज्या म्हणजे सोडलेला दोर, अधिक बोटीच्या पुढच्या टोकापासून जीपीएसच्या अँटेनापर्यंतचं अंतर, अधिक थोडी सूट.

अनुवादी

मूळ इंग्रजीतही तसंच आहे, त्यांना कळवतो. मराठी असं केलं :

“नांगर तळाला लागताच ‘नांगराची जागा नोंदवा’ हे बटण दाबा. मग दोर सोडा. नांगर धरल्याची खात्री झाल्यावर त्रिज्या निवडा.”

आणि ठळक सूचना : “ ‘जागा धर’ चालू असताना बोट नांगरलेली नसते, सुटी असते. नांगर दोरासह तयार ठेवा.”

नियमवाला

सूचनेत “नांगराचा दिवा लावू नका” जोडा.

पाणकावळा

आणि ‘तयार ठेवा’च्या जागी ‘दोराचं टोक बोटीला बांधून तयार ठेवा’ लिहा. घाईत नुसता नांगर फेकला की मागोमाग दोरही पाण्यात जातो.