‘थोतांड’, ‘बनाव’ की नुसताच ‘तकलादू पुरावा’?

विचारणा
कुमारवयीन मुलांच्या अंकात नेसी, यती, बिगफूट या दंतकथेतल्या प्राण्यांवर एक लेख जातो आहे. मुद्रितशोधन माझ्याकडे आहे. लेखकाने सरसकट ‘थोतांड’ वापरलंय. तळ्यातल्या प्राण्याचा फोटो थोतांड, हिममानवाचं कातडं थोतांड, बर्फातले ठसेही थोतांड. वाचताना खटकतं. ‘होक्स’ला, म्हणजे मुद्दाम रचलेल्या फसवणुकीला, मराठीत चपखल शब्द कोणता? आणि पुरावा कुणी खोटा केलेला नाही, पण भरवशाचाही नाही, तर त्याला काय म्हणायचं?

उत्तर
खटकतंय ते बरोबरच आहे. थोतांड माजतं किंवा माजवलं जातं. तो शब्द सगळ्या पसाऱ्याला लागतो, एकेका वस्तूला नाही. शिवाय त्यातून बोलणाऱ्याचा तिटकारा तेवढा कळतो. कुणी केलं, कसं केलं, कशासाठी केलं, यातलं काहीच कळत नाही. होक्सला मी ‘बनाव’ म्हणेन. पोलिसांच्या बातम्यांत ‘अपहरणाचा बनाव’ असतो, त्यात रचणारा असतो आणि त्याचा हेतूही असतो.

नेसीचा तो प्रसिद्ध फोटो घ्या. डिसेंबर १९३३मध्ये ‘डेली मेल’ या ब्रिटिश वृत्तपत्राने मार्माड्यूक वेदरेल या शिकाऱ्याला स्कॉटलंडमधल्या लॉख नेस तळ्यावर धाडलं. त्याला काठावर भलीमोठी पावलं सापडली. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाने ती पाणघोड्याची ठरवली, तीही एकाच वाळवलेल्या पायाने उमटवलेली. वेदरेलची छीथू झाली. मग २१ एप्रिल १९३४ रोजी त्याच वृत्तपत्रात पाण्यातून वर आलेल्या लांब मानेचा फोटो छापून आला, लंडनचे डॉक्टर रॉबर्ट केनेथ विल्सन यांच्या नावाने. डॉक्टर कशाला खोटं बोलतील, म्हणून लोकांनी मान डोलावली. पुढची साठ वर्षं तो फोटो टिकला. १९९४मध्ये वेदरेलच्या सावत्र मुलाची, ख्रिश्चन स्पर्लिंगची कबुली प्रसिद्ध झाली: खेळण्यातली पाणबुडी आणून तिच्यावर मान आणि डोकं घडवून बसवलं होतं.

इथे एक बारकावा आहे. फोटो ‘बनावट’ नव्हता. कॅमेऱ्यासमोर जे होतं तेच त्यात उमटलं. बनावट होता तो प्राणी, आणि सगळ्या प्रसंगाचा ‘बनाव’ होता. छापताना कडा कापल्या होत्या, त्यामुळे आजूबाजूचं मोकळं पाणी दिसेना आणि मान अवाढव्य वाटू लागली. ‘बनावट फोटो’ असं लिहिलंत, तर मुलांना वाटेल की फोटो धुण्याच्या काळ्या खोलीत काही चलाखी झाली.

आणखी एक उत्तर
‘कुभांड’ही कुणी सुचवेल, ते टाळा. कुभांड कुणावर तरी रचतात, त्यात एका निरपराध माणसाला गोवलेलं असतं. ‘तोतया’ माणसालाच म्हणतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता. आणि जिथे हातात काहीच नाही, नुसतं बोलणं आहे, तिथे ‘आवई’ किंवा ‘कंड्या’. मे २००१मध्ये दिल्लीत ‘मंकी मॅन’ची आवई उठली आणि रात्री गच्चीवर झोपलेली माणसं घाबरून पळताना खाली पडून दगावली. प्राणी मात्र कुणाच्याच हाती लागला नाही. तिथे बनाव म्हणता येणार नाही, कारण रचणारा कुणी दाखवता येत नाही.

आणखी एक उत्तर
माझी कळकळीची विनंती आहे, कातड्याच्या परिच्छेदातून ‘थोतांड’ आधी काढा. ते नेपाळमधल्या खुमजुंग गावच्या गोंपातलं, म्हणजे बौद्ध मठातलं आहे. टोपीसारखं निमुळतं, वर राठ तांबूस केसांची रेघ. १९६०च्या मोहिमेत एडमंड हिलरींनी ते गावाकडून मागून घेतलं. गावाने ते एकटं सोडलं नाही, खुंजो चुंबी हे गावातले जाणते गृहस्थ त्याच्याबरोबर शिकागो, पॅरिस, लंडनपर्यंत गेले. तपासणीत ते ‘सेरो’ या हिमालयातल्या जंगली बोकडासारख्या प्राण्याच्या कातड्याचं निघालं, साच्यावर ताणून आकार दिलेलं. पण ते गोंपातलं पूजेचं, सणावाराचं. गावकरी ते विकायला किंवा वर्तमानपत्रात छापून आणायला निघाले नव्हते. त्याचा ‘पुरावा’ बाहेरच्यांनी केला. वेदरेलच्या पाणबुडीला आणि या टोपीला एकच शब्द लावणं हा त्या गावावर अन्याय आहे. तिथे सरळ लिहा: ‘यतीचं म्हणून जपलेलं कातडं सेरोचं निघालं.’

ठशांचं तिसरंच प्रकरण. गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी १९५१मध्ये हिमालयातल्या मेनलुंग हिमनदीवर फोटो काढले, तेव्हापासून ठसे हाच मुख्य आधार धरला जातो. पण बर्फातला ठसा उन्हाने पसरतो, आणि अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की एकच लांबलचक पाऊल उमटतं. अशा आधाराला ‘तकलादू’ म्हणावं. ‘संशयास्पद’ म्हटलं की संशय माणसावर जातो. एप्रिल २०१९मध्ये भारतीय लष्कराने नेपाळमधल्या मकालू शिखराच्या तळाजवळचे मोठे ठसे ट्विटरवर टाकले होते. तिथे कुणाची लबाडी नव्हती, ‘यतीचे’ हा निष्कर्ष तेवढा तकलादू होता.

मूळ विचारणारी
फार उपयोग झाला. कातड्याचा परिच्छेद नव्याने लिहून घेते. एक राहिलं: लेखात ‘यतीचे पुरावे सापडले’ असं चार ठिकाणी आहे. आणि यती म्हणजे आपल्याकडे संन्यासी, शिवाय वृत्तातला विराम. मुलं गोंधळतील का?

उत्तर
पहिल्या उल्लेखाला ‘हिममानव यती’ लिहा, पुढे ‘यती’ चालेल. नेपाळीतही ‘यति’च लिहितात, आपण वेगळं रूप पाडायला नको. ‘पुरावे’ मात्र बदला. सापडतात त्या खुणा: ठसा, केस, हाड. त्यावरून कुणी करतो तो दावा. तपासणीला उतरला तर पुरावा. २०१७मध्ये यतीचे म्हणून जपलेल्या ९ नमुन्यांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली: ८ अस्वलांचे, १ कुत्र्याचा. म्हणजे पुरावा मिळाला तो अस्वलांचा, आणि लेखात तसंच लिहायला हरकत नाही.