प्लॅब २ : सरावात पेशंटचं म्हणणं निसटतंय, मदत हवी आहे

नमस्कार. प्लॅब म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. त्यातली लेखी प्लॅब १ निघाली, आता पेशंटशी बोलून दाखवायच्या प्लॅब २ साठी मँचेस्टरला जायला सात आठवडे उरलेत. एमबीबीएसनंतर दोन वर्षं ग्रामीण रुग्णालयात ओपीडी केली, त्यामुळे निदान-उपचारांची धास्ती नाही. गाडी अडते ती बोलण्यात.

आम्ही तिघी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बसतो. एक डॉक्टर, एक पेशंट, एक घड्याळ लावून गुण देणारी. परवाची केस : पन्नाशीचा ट्रकचालक, चालताना छाती भरून येते. कळ हातात जाते का, घाम, सिगरेट, बीपी, शुगर, सगळं विचारलं. मध्येच तो म्हणाला, "उद्या पहाटे गाडीवर जायचंय." मी "ओके" म्हटलं आणि ॲलर्जी विचारली. आठ मिनिटं संपल्यावर पेशंट झालेल्या मैत्रिणीने तिच्याकडचा केसचा कागद वाचला : लायसन्स जाईल या भीतीने आजवर डॉक्टरकडे गेलेला नाही. तो सांगायला आला होता आणि मी ऐकलंच नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

परीक्षेत दर स्टेशनला, म्हणजे आठ मिनिटांच्या प्रत्येक केसला, माहिती काढणं, उपचार आणि संवाद या तिन्हींना सारखेच गुण, म्हणजे संवाद हा काही वरचा मुलामा नाही. आयडियाज, कन्सर्न्स, एक्स्पेक्टेशन्स (पेशंटला स्वतःला काय वाटतं, कसली काळजी आहे, काय हवंय) मी विचारते, पण मैत्रिणी म्हणतात, पाठ केल्यासारखं वाटतं. "आय ॲम सॉरी टू हिअर दॅट" तर गुडघेदुखीलाही तेच आणि गर्भपातालाही तेच. ओपीडीत मात्र "मावशी, किती दिवस अंगावर काढलंत?" हे आपसूक यायचं.

म्हणून काल तीच केस आधी मराठीत केली, मग इंग्रजीत. फरक पडला. ट्रकचं निघालं तेव्हा मी थांबले, विचारलं, आणि गाडी आत्ता का चालवायची नाही तेही नीट सांगता आलं. पण वेळ पुरला नाही. कधी तातडीने परत यायचं ते सांगायचं राहून गेलं.

पास झालेल्यांनी सांगा, ही मराठीची वाट धरून ठेवू का, की सवय लागून इंग्रजीत अडखळेन? रोज नव्या केसेस कराव्यात की फसलेल्याच पुन्हा? आत जाण्याआधी केस वाचायला मिळणाऱ्या बाहेरच्या दीड मिनिटात तुम्ही डोक्यात नेमकं काय ठरवून आत जायचात?

आणखी एक. आम्हा तिघींना एकमेकींची उत्तरं आता पाठ झालीत. डॉक्टर नसलेलं कुणी रात्री साडेनऊनंतर अर्धा तास पेशंट व्हायला तयार असेल, तर इथेच लिहा. कागद आम्ही देऊ.