'म्हणून' दिसलं की लाल कार्ड? (चर्चा)

खडूवाला:
परवा इथे 'शाळेतली ताई' यांची पोस्ट आली होती. माहितीपर उतारा हातात आला की मुलांनी आधी त्याची बांधणी ओळखायची: वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम की समस्या-उपाय. पाच रंगांची पाच कार्डं, शिवाय भिंतीवर खुणेच्या शब्दांची यादी. 'नंतर' दिसलं की क्रम, 'परंतु' दिसलं की तुलना, 'म्हणून' दिसलं की कारण-परिणाम. खाली कौतुकाचा नुसता पाऊस. मीही हुरळलो, खोटं कशाला बोलू. रात्री बसून पुठ्ठे कापले, बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी चौथीला गोदावरीवरचा उतारा दिला. 'गोदावरी दक्षिण गंगा म्हणून ओळखली जाते' या वाक्याला अकरा हात वर, अकराही हातांत लाल कार्ड. कारण-परिणाम! विचारलं, कशाचं कारण रे? तर म्हणे, "सर, म्हणून आहे ना." नदी उगम कुठे पावते हे दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं होतं, ते एकालाही सांगता येईना.

तिसरी-चौथी एका खोलीत, वर रोजची ऑनलाइन माहिती भरायची, त्यात हा पुठ्ठ्यांचा खेळ. पोराला नदी कळली की उतारा आपोआप कळतो. सांगाडा शिकवायची थेरं ज्यांना वेळ आहे त्यांनी करावीत.

शाळेतली ताई:
सर, कार्ड वाक्यावाक्याला उचलायला कुणी सांगितलं? बांधणी परिच्छेदाची असते. पूर्ण वाचून झाल्यावर एकदाच कार्ड, असं पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. शेवटपर्यंत वाचलीत का?

खडूवाला:
वाचली. शेवटी कार्डांसकट तुमचा फोटो होता.

चिमटा:
चहा टाकतो. कुणाकुणाला हवाय?

पाचवीचा बाप:
तुम्ही बांधणीवर भांडताय, इथे वाचनच संपलंय. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात भाषेचे २५ प्रश्न. क्लासमध्ये काय शिकवतात? आधी प्रश्न वाच, मग त्यातला शब्द उताऱ्यात हुडक, आजूबाजूची ओळ बघ, गोल काळा कर. माझा मुलगा उताऱ्याचे सगळे प्रश्न बरोबर सोडवतो. नंतर विचारलं, उतारा कशावर होता? "माहीत नाही बाबा, वेळ वाचवायचा असतो." वाचत नाही, शिकार करतो. ही परीक्षा चौथीवरून पाचवीला नेली तेव्हा...

चिमटा:
चौथी की पाचवी हा वेगळा धागा आहे, तिथे आधीच ३०० प्रतिसाद झालेत. कृपा करा.

अर्धवट वाचक:
खडूवाले सर म्हणतात त्याला आधार आहे. १९८८ मध्ये रेख्ट आणि लेस्ली या दोघींनी अमेरिकेत सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे गल्लीतल्या कुठल्याही पोराला सामन्याची बातमी वाचायला द्या, हेच दिसेल. माहिती द्या, कार्डं ठेवा बाजूला.

शाळेतली ताई:
आणि ज्या विषयाची माहितीच नाही, तो उतारा आला की काय करायचं? हात वर? जोआना विल्यम्स यांनी न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये दुसरीच्या मुलांवर काम केलं. प्राण्यांची तुलना करणारे उतारे घेतले, तुलना कशी मांडलेली असते ते शिकवलं. मुलांना न शिकवलेल्या प्राण्यांच्या उताऱ्यातही ती मांडणी सापडू लागली, आणि प्राण्यांची माहितीही तेवढीच डोक्यात राहिली. म्हणजे एक शिकवलं की दुसरं बुडतं असं नाही.

न्यूजर्सीकर:
इथे चौथीच्या अभ्यासक्रमातच हे आहे. माझ्या मुलीला सुरुवातीला मीही हसले. पण मधमाश्यांवर प्रकल्प लिहिताना तिनेच ठरवलं, आधी माश्या का कमी झाल्या ते लिहायचं, मग लोक काय करतायत ते. मी तिच्या वयाची असताना 'माझा आवडता पक्षी' मध्ये चोचीपासून शेपटीपर्यंत जात होते, आणि शेवटी 'असा हा मोर मला फार आवडतो'.

पाचवीचा बाप:
आलं अमेरिका. तिकडे वर्गात मुलं किती, ग्रंथालय केवढं, तेही सांगा की.

न्यूजर्सीकर:
मुलं बावीस. पण 'असा हा मोर' ला ग्रंथालय लागत नाही, दादा.

जतकर:
दोन्ही बाजू मूळ दुखण्याला हातच लावत नाहीत. ही यादी इंग्रजीतून उचललेली आहे, 'प्रथम, त्यानंतर, अंतिमतः' वाचलं की लगेच वास येतो. आमची आई भाकरी सांगते ती अशी: "ज्वारी निवडून, दळून आणून, पीठ चाळून, गरम पाण्यात मळून थापायची." सगळा क्रम 'ऊन' मध्ये बसला, 'नंतर' एकदाही नाही. तुलना घ्या. 'कोकणात पाऊस कोसळतो, तर जतला टँकरची वाट बघतात.' हा 'तर' तुमच्या भिंतीवर आहे का? नसणार, तिथे 'याउलट' असेल. कारण 'मुळे' आणि 'ल्याने' मध्ये दडून बसतं. आणि 'म्हणून'चे तर तीन-चार अवतार. खडूवाले सरांची अकरा पोरं चुकली नाहीत, यादी चुकली. बांधणी जरूर शिकवा, पण मराठीची.

गणितमास्तर:
मराठीची म्हणालात म्हणून (लाल कार्ड!) आठवण करून देतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं, तर मराठी बुडाली म्हणून केवढी बोंब! पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी पुन्हा पुन्हा समजावलं, ऐकतंय कोण. पोर 'बावन्न' ऐकतं, आधी 'बा' कानावर पडतो, २५ लिहून मोकळं होतं. दरवर्षी. हेही भाषेच्या बांधणीचंच दुखणं, पण तेव्हा तुम्ही सगळे संस्कृती वाचवत होतात.

निवृत्त बाई:
३२ वर्षं दुसरी शिकवली. माझ्या मुलांनी बावन्नला २५ लिहिलं, मी चार दिवस जास्त घेतले, पाचव्या दिवशी ५२ आलं. त्यासाठी भाषा मोडायची? आम्हाला पावकी, निमकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे पाठ होते.

गणितमास्तर:
औटकी शेवटची कधी वापरलीत बाई?

निवृत्त बाई:
उद्धटपणा मोजायला. तुमचा साडेतीनपट निघाला.

जतकर:
बाई, राग मानू नका. माझ्या वर्गातली निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. त्यांच्यात 'इप्पत्तोंदु', म्हणजे सरळ वीस-एकच. त्या वर्षी ती पोरं खूश, आणि मराठी घरातले पालक दारात भांडायला.

पाचवीचा बाप:
भांडणारच. पोर बाजारात जाऊन 'साठ तीन रुपये' म्हणालं तर भाजीवाला हसेल.

गणितमास्तर:
पुस्तकात त्रेसष्टही होतं! दोन्ही होतं! एकाने तरी पुस्तक उघडून बघितलं होतं का?

निवृत्त बाई:
मी बघितलं होतं. तरीही माझं मत तेच.

अर्धवट वाचक:
धागा कशावर होता?

चिमटा:
समस्या-उपाय. उपाय अजून यायचाय.

खडूवाला:
दोन दिवस गप्प होतो, पण स्वस्थ बसवेना. जतकर सरांचं 'ऊन'चं पटलं. ताई, कार्ड प्रत्येक वाक्याला उचलायला लावलं ही माझी चूक. अर्धी. उरलेली अर्धी यादीची.

आज कार्डं कपाटात टाकली. गोदावरीचाच उतारा वाक्यांच्या पट्ट्या कापून गटांत वाटला आणि म्हटलं, लावा नीट. पहिल्या गटाने राजमहेंद्री नाशिकच्या आधी लावलं. दुसऱ्या गटातली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द काढत नाही, उठून म्हणाली, "असं नाही. पाणी जसं जातं तसा धडा जातो." मग त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री, समुद्र, सगळं धडाधड लागलं. उगम कुठे, हे आता झोपेतही सांगतील.

आता सांगा, हे तुमच्या कुठल्या रंगात बसतं? यात 'आधी' नाही, 'नंतर' नाही.

शाळेतली ताई:
क्रम. निळं कार्ड. आणि सर, ज्याला थेरं म्हणालात तेच तुम्ही आज चाळीस मिनिटं शिकवलंत.

खडूवाला:
पुठ्ठ्याशिवाय शिकवलं.

शाळेतली ताई:
पट्ट्या कशाच्या कापल्या होत्या?

खडूवाला:
...कार्डांच्या मागच्या बाजूवर लिहिल्या. कागद संपला होता.

जतकर:
ताई, ती यादी मराठीत नव्याने करू या का? मी 'ऊन', 'तर' आणि 'मुळे' घेतो. 'म्हणून' कुणीतरी धाडसी माणसाने घ्या.

निवृत्त बाई:
'म्हणून' मी घेते. पण यादी भिंतीवर लावायची नाही, मुलांकडून काढून घ्यायची.

गणितमास्तर:
छान. आणि एकोणऐंशीचं काय ठरलं? ७९ ऐकताना नऊ कुठे ऐकू येतो ते एकाने तरी सांगा.