मदत हवी आहे: लँडच येत नाहीत! नशीब, पिसणं की मीच ढ?

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

दीड वर्ष मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ मोबाईलवर अरेना या ॲपात खेळतोय, बेस्ट ऑफ वन म्हणजे एकाच गेमची मॅच, रोज रात्री जेवण झालं की तीन-चार गेम. जिंकणं-हरणं निम्मं-निम्मं, किंचित वरच म्हणा. आता ऑफिसातल्या चौघांनी मिळून खरे पत्ते घेतले, दर शनिवारी कोथरूडला एकाच्या घरी बसतो, आणि तिथे माझी पार वाट लागलीये. डेक म्हणजे माझा गठ्ठा तोच, ६० पानं, त्यात २४ लँड (ज्यांच्या जोरावर बाकीची पानं टाकता येतात ती), एक पान बदललेलं नाही. तरी एकतर दोन लँडवर अडकून हातातली भारी भारी पानं नुसती बघत बसतो, नाहीतर लागोपाठ लँडच येतात आणि टाकायला दुसरं काही नसतं. गेल्या शनिवारी सातपैकी पाच गेम असेच गेले. बायको म्हणाली त्यापेक्षा तीन पत्ती खेळ, हरायला एवढा वेळ तरी लागणार नाही.

ग्रुपमधला एकजण जुना युगिओवाला आहे (तोही असाच पत्त्यांचा खेळ), त्याचं म्हणणं मॅजिक खेळच नशिबाचा, आमच्यात लँडबिंड भानगडच नाही, तू तिकडे ये. दुसऱ्याची मुलगी पोकेमॉनचे पत्ते खेळते, तो म्हणतो ते बरं. तर विचारायचंय हे की मी हरतोय ते नशिबाने का खेळ येत नाही म्हणून, हे ओळखायचं कसं, आणि या तिघांत नशीब कमी कशात आहे? पुन्हा पैसे घालायच्या आधी विचारतोय, स्लीव्हसकट सगळं घेऊन बसलोय.

बदामसात

पिसता कसे ते सांगा आधी.

कोथरूडकर (धागाकर्ता)

कसे म्हणजे? मेंढीकोटला पिसतो तसेच, गठ्ठा हातात धरून थोडे थोडे पुढे टाकत. गेम संपला की टेबलावरचे लँड गोळा करून गठ्ठ्यावर ठेवतो आणि चार-पाच वेळा पिसतो.

बदामसात

सापडला चोर! अहो तसं पिसून लँडचा तो गठ्ठा फुटतच नाही, नुसता वरचा खाली जातो. मेंढीकोटमध्ये चालून जातं कारण तिथे एकाच रंगाची पानं आली तरी चौघांत वाटली जातात, इथे तो गठ्ठा तुमच्या एकट्याच्या बोडक्यावर येतो. १९९२ साली बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी दाखवलं होतं की ५२ पानं नीट मिसळायला दोन भाग करून एकमेकांत सोडायच्या पद्धतीने साधारण सात वेळा पिसावं लागतं. तुमच्या पद्धतीने हजारो वेळा. स्लीव्ह घातलेल्या पानांचे दोन गठ्ठे करा आणि बाजूने एकमेकांत घुसवा, ६० पानांना आठेक वेळा, मग समोरच्याला काटायला द्या. आणि कोणी सांगेल आधी लँड एकाआड एक लावून घे, तर ते करू नका. त्यानंतर नीट पिसलं तर लावणं फुकट, आणि नाही पिसलं तर ती सरळ चीटिंग.

नुसताच_वाचक

पिसण्याचं बरोबर आहे, पण अजून एक गोष्ट कुणी बोललं नाही. अरेनात बेस्ट ऑफ वनला कॉम्प्युटर तुमच्यासाठी एकाहून जास्त सुरुवातीचे हात काढून बघतो आणि डेकमधल्या लँडच्या प्रमाणाशी जुळेल असा देतो. म्हणजे दीड वर्ष तुम्ही पाठीवर वारा घेऊन सायकल चालवलीत. खऱ्या पत्त्यांत ६० त २४ लँड असतील तर सात पानांत शून्य किंवा एक लँड येण्याची शक्यता १४ टक्के, पाच किंवा जास्त येण्याची ८ टक्के. म्हणजे दर चार-पाच हातांत एक खराब येणारच, तुमचं नशीब फुटलेलं नाही, आकडाच तेवढा आहे.

आणि तुम्ही मलिगन, म्हणजे खराब हात परत करून नवा काढणं, घेत नसणार! २०१९ पासूनचा नियम पूर्वीपेक्षा दयाळू आहे, पुन्हा सातच पानं काढायची आणि त्यातलं नको ते एक तळाला घालायचं. दोन लँडचा हात ठेवायचा का याचंही गणित आहे. तुम्ही पहिले असाल तर तिसऱ्या टर्नपर्यंत तिसरा लँड येण्याची शक्यता साधारण ६६ टक्के, दुसरे असाल तर एक पान जास्त ओढता म्हणून ८१. तोच हात, पण एकदा ठेवायचा आणि एकदा विचार करायचा. हातात सगळी चार-पाच लँड लागणारी महाग पानं असतील तर दुसरे असूनही मी ठेवत नाही.

हँडट्रॅप

युगिओवाल्या मित्राचं अर्धंच खरं आहे. मीही तेच खेळतो म्हणून सांगतो. लँड नाहीत, पान आलं की खेळलं, मान्य. पण नशीब गेलं कुठे? ते टॉसमध्ये जाऊन बसलंय. पहिला जो खेळतो तो पहिल्याच टर्नला एवढं काही मांडून ठेवतो की दुसऱ्याच्या हातात त्याला अडवणारं पान नसेल तर त्याचा खेळ म्हणजे नुसतं बघणं. पहिल्याला पहिल्या टर्नला पान ओढता येत नाही असा नियम २०१४ पासून आहे, तरी. ४० पानांच्या डेकमध्ये एखादं पान तीनदा घातलं, त्याहून जास्त चालतच नाही, तर पाच पानांच्या सुरुवातीच्या हातात ते असण्याची शक्यता जेमतेम ३४ टक्के. म्हणून लोक अशी अडवणारी पानं वेगवेगळ्या प्रकारची दहा-बारा भरतात, आणि कधी कोणत्या पानावर अडवायचं तिथे खरं कसब लागतं. मला हेच आवडतं, पण पहिल्या टर्नला पंधरा मिनिटं समोरच्याचे कॉम्बो बघायची तयारी हवी.

पोकेमॉन मी कमी खेळलोय. तिथे पानं भरपूर ओढता येतात, अख्खा हात टाकून सात नवीन घ्या टाइपची पानं आहेत, त्यामुळे अडकणं कमी. पण सुरुवातीलाच ६० पैकी ६ पानं बक्षीस म्हणून उलटी बाजूला जातात, डेकमध्ये एकच असलेलं पान तिथे अडकण्याची शक्यता १० टक्के. चांगले खेळाडू डेकमधून पहिल्यांदा काही शोधताना सगळी पानं मोजून घेतात आणि बक्षिसात काय गेलंय ते तिथेच ओळखतात. वर नाणेफेकवाली पानं असतात ती वेगळीच.

कोथरूडकर

म्हणजे नशीब सगळीकडे आहे, फक्त जागा वेगळी. बॅलन्सचं, म्हणजे एखादं पान फारच भारी होण्याचं, काय पण? युगिओवाला म्हणतो मॅजिकवाले स्वतःच पानं काढतात आणि स्वतःच बॅन करतात.

नुसताच_वाचक

युगिओची बंदीची यादी केवढी लांब आहे ते विचारा त्याला. पण मॅजिकचंही खरं आहे, २०१९ च्या ऑक्टोबरला ओको नावाचं पान आलं आणि नोव्हेंबरात स्टँडर्ड या खेळप्रकारातून बॅन, जेमतेम दीड महिना टिकलं. पण तुमच्या शनिवारच्या चौघांत बॅलन्स वगैरे प्रश्नच नाही हो, चार डेक आहेत, एक डेक फार माजला तर म्हणायचं पुढच्या वेळी दुसरा आण.

चौथा_हात

मी ब्रिजवाला, या पोरांच्या खेळातलं कळत नाही, पण नशिबाबद्दल दोन शब्द. डुप्लिकेट ब्रिजमध्ये तेच पत्ते प्रत्येक टेबलावर जातात आणि तुलना त्याच पत्त्यांवर दुसऱ्यांनी काय केलं याच्याशी होते, त्यामुळे वाटपातलं नशीब बरंचसं निघून जातं. तुमच्यात प्रत्येकाचा डेकच वेगळा, तेव्हा हे जमणार नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कसबाचा खेळ ठरवला तेव्हाही पत्ते पिसून येतात हे मान्य केलंच होतं, त्यातलं नशीब ब्रिजच्या वाटपातल्यासारखंच आहे असं म्हटलं होतं. आणि तीन पत्तीला मात्र नशिबाचा खेळ म्हटलं, हे वहिनींना सांगा.

बाकी आकडेमोड करून दिली. समजा एका गेमला तुम्ही ६० टक्के जिंकता. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये, म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकायच्या मॅचमध्ये, ते साधारण ६५ होतं. पण अशा पाच मॅच खेळलात तर चारातल्या एका दिवशी तुम्ही दोन किंवा त्याहून कमी मॅच जिंकून घरी याल, समोरच्यापेक्षा चांगलं खेळूनसुद्धा. तेव्हा एका शनिवारवरून काही ठरवू नका. वहीत लिहा, हात काय होता, ठेवला का, आणि हरल्यावर विचारा की कुठल्या टर्नला वेगळं करता आलं असतं.

बदामसात

+१. मॅजिकवाल्या काई बुडेने प्रो टूर ही मोठी स्पर्धा सात वेळा जिंकली तीही असाच लँडचा खेळ खेळून. नुसतं नशीब सात वेळा येत नाही.

कोथरूडकर

अपडेट. शनिवारी बसलो, नीट पिसलं, नऊ गेम, सगळे वहीत. चार जिंकले. हरलेल्या पाचांतला फक्त एक लँडने मारला. दोनदा मीच पहिला असून दोन लँडचा हात ठेवला, एकदा मोठं पान एक टर्न आधीच टाकून बसलो आणि समोरच्याने ते लगेच उडवलं, आणि एकदा, हे लिहायला लाज वाटते, ब्लॉक करायचंच विसरलो.

युगिओ सध्या राहू दे. त्या युगिओवाल्याची आता वेगळीच तक्रार सुरू झालीये, म्हणतो तुझं पिसून होईपर्यंत चहा गार होतो.