मदत हवी आहे: सुतारकामाचं भक्कम टेबल बांधायचंय

मंडळी, नमस्कार. घरामागच्या शेडमध्ये सुतारकामासाठी टेबल बांधतोय. रंधा मारताना ते तसूभरही हलता कामा नये. सध्याचं लोखंडी टेबल रंधा ढकलला की मागंपुढं डुलतं आणि फळीवर पात्याच्या लाटा उमटतात.

उंची मनगटाइतकी, म्हणजे मला ३३ इंच. वरचा पाट ३ इंच जाड, पाय ४ बाय ४ चे. नुसत्या स्क्रूवर माझा भरवसा नाही. पायांना खाचा पाडून आडवी लाकडं आत बसवायची आणि नटबोल्टनं आवळायची, म्हणजे सैल पडली तर पुन्हा कसता येतील.

घोडं अडलंय लाकडापाशी. नवं सागवान परवडत नाही. जुन्या वाड्याच्या सागवानी तुळया मिळतायत, पण आत मोडका खिळा असला तर रंध्याचं पातं गेलंच. असले खिळे आधी शोधायचे कसे? बाभूळ चिवट खरी, पण पुरती वाळलेली टिंबर मार्केटात मिळेल का?

शिवाय आपल्याकडचा पावसाळा! लाकूड लांबीत फारसं नाही, रुंदीत फुगतं. पाट पायांना घट्ट जखडला तर उन्हाळ्यात आक्रसताना चिरेल, म्हणून बोल्टची भोकं लांबट ठेवणार आहे. २४ इंच रुंदीला किती जागा सोडू?

व्हाइस (लाकूड घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) तयार घेऊ, की उद्यमनगरातल्या ओतकाम कारखान्यात बिडाचा ओतून घेणं परवडेल? कुणी असं टेबल केलं असेल तर पायांच्या जोडांचे फोटो जरूर टाका.